तळं आटल्यावर कॅडिसमाशी जाते कुठे?

ओलकाठ

कॅडिसमाशी म्हटलं की पुस्तकातलं चित्र ठरलेलं: खळखळता ओढा, दगडाला बिलगलेल्या बारीक खड्यांच्या नळ्या आणि खाली एक ओळ, 'स्वच्छ पाण्याची निदर्शक'. चूक नाही, पण ती अर्धीच गोष्ट आहे. ट्रायकॉप्टेरा गणात जगभरातल्या १६,००० हून जास्त जातींची नोंद आहे. त्यांतल्या काही अशा पाण्यात वाढतात जे वर्षातले काही महिने जागेवर नसतंच. हा धागा त्यांच्याबद्दल.

ज्यांना हा कीटक नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. फुलपाखरं-पतंगांचा सगळ्यात जवळचा भाऊबंद गण. पंखांवर खवल्यांऐवजी केस. अळी पाण्यात, प्रौढ हवेत. अळी तोंडातून रेशीम काढते आणि पाल्याचे तुकडे, काड्या, वाळू, कधी गोगलगायींचे शंखसुद्धा जोडून अंगाभोवती नळी बांधते. चार वेळा कात टाकते, म्हणजे अळीच्या एकूण पाच अवस्था. मग त्याच नळीची तोंडं बंद करून आत कोष.

आता अडचण बघा. अळी कल्ल्यांनी श्वास घेते. पोट हलवून नळीतून पाणी खेळतं ठेवते. तिला उडता येत नाही, लांब चालता येत नाही. कोषही पाण्यातच. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग पाण्याशिवाय अशक्य, आणि तळं तर उन्हाळ्यात कोरडं ठणठणीत. तरी पुढच्या वर्षी पाणी आलं की थोड्याच दिवसांत तळाशी नळ्या सरपटताना दिसतात. आल्या कुठून?

समशीतोष्ण पट्ट्यातल्या लिम्नेफिलस वंशाचं उत्तर मला सगळ्यात आवडतं. वसंतात अळ्या भराभर खाऊन वाढतात, पाणी संपायच्या आत कोषात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर माश्या होऊन बाहेर पडतात. इथवर साधं. पण या नव्या मादीच्या पोटात पिकलेली अंडी नसतात. अंडाशय जवळजवळ कोराच. ती झाडीत, सालीखाली, सावलीच्या ओल्या जागी उन्हाळा काढते. दिवस लहान व्हायला लागले की अंडाशय भरतात, मिलन होतं आणि शरद ऋतूत मादी अंडी घालते. कुठे? आटलेल्या तळ्याच्या तळावर. ओंडक्याखाली, दगडाखाली, कुजक्या पाल्यात. तिथे तेव्हा पाण्याचा टिपूस नसतो.

अंडी जेलीच्या गोळ्यात असतात. काही आठवड्यांत अंड्यातून अळी तयार होते, पण जेलीच्या बाहेर येत नाही. आतच थांबते, लागलं तर कित्येक महिने. तळं भरलं, गोळा पाण्याखाली गेला की जेली सैल पडते आणि अळ्या बाहेर. म्हणजे पाणी येतं त्या दिवशी अळी तिथे आधीच हजर असते, आणि तीसुद्धा तयार होऊन. पाणी भरल्याची बातमी लागून कुठून तरी उडत येणारा कीटक या शर्यतीत मागेच पडणार.

म्हणून माझं म्हणणं असं की चढउतार होणाऱ्या पाणथळीत जगायची युक्ती नळीत किंवा कातडीत कमी आणि वेळापत्रकात जास्त आहे. कोरडे महिने आयुष्याच्या कुठल्या टप्प्यात काढायचे, हा खरा प्रश्न. जातीगणिक उत्तरं वेगळी आहेत. ज्यांना जे माहीत आहे ते लिहा.

वाचनमात्र

वाचतेय. एक बाळबोध शंका: अशी तळी म्हणजे नक्की कुठली? पावसाचं डबकं पण यात येतं का?

ओलकाठ

येतं, पण सगळी एका मापाची नसतात. पावसाने भरणारं डबकं, बर्फ वितळून भरणारं डोंगरातलं तळं, नदीच्या पूरमैदानातली चर, आणि भूजलावर चालणारी तळी. या शेवटच्यांची तऱ्हा न्यारी. इंग्लंडच्या ब्रेकलँड भागात खडूच्या खडकातल्या भूजलावर भरणारी 'मिअर' आहेत. त्यांची पातळी पावसाच्या बरीच मागून चालते. पाऊस भरपूर होऊनही तळं कोरडं, आणि उघडीप असताना काठोकाठ भरलेलं, असं होतं. कधीकधी लागोपाठ काही वर्षं कोरडं. आयर्लंडमधली टर्लो तळी चुनखडकातल्या भूजलाने शरदात फुगतात आणि उन्हाळ्यात जमिनीतच जिरतात. तिथे मग गुरं चरतात. कीटकाच्या दृष्टीने 'दरवर्षी ठरल्या वेळी आटणारं' आणि 'कधी आटेल ते सांगता न येणारं' यात फार फरक आहे. पहिल्यात वेळापत्रक चालतं, दुसऱ्यात वेळापत्रकासोबत नशीबही लागतं.

निशाचर

मी रात्री प्रकाशसापळा लावणारा माणूस, अळ्यांपेक्षा माश्याच जास्त बघितल्यात. लिम्नेफिलसच्या काही जातींची सापळ्यातली संख्या मांडली की आलेखाला दोन उंचवटे येतात, एक उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एक शरदात. मध्ये जवळजवळ शून्य. या वर्षात दोन पिढ्या नव्हेत का?

ओलकाठ

नाही, पिढी एकच. माश्यासुद्धा त्याच. ब्रिटनमध्ये रॉथमस्टेड कीटक सर्वेक्षणाच्या १९६४ ते १९६८ या काळातल्या सापळ्यांवरून क्रिक्टन यांनी १९७१ मध्ये लिम्नेफिलस ज्या कुळात मोडतो त्या लिम्नेफिलिडी कुळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही जातींत अगदी हाच दोन उंचवट्यांचा नमुना आहे. पहिला उंचवटा म्हणजे तळं सोडून जाणाऱ्या कोवळ्या माश्या, दुसरा म्हणजे अंडी घालायला परत येणाऱ्या. मधल्या काळात त्या मेलेल्या नसतात, फक्त उडत नाहीत.

आणि उन्हाळ्यातल्या या थांबण्याला चालवतं कोण, तर दिवसाची लांबी. नोवाक आणि सेहनल यांनी १९६३ मध्ये लिम्नेफिलसच्या काही जातींवर हे दाखवलं: मोठ्या दिवसात अंडाशय वाढत नाहीत, दिवस लहान झाला की वाढू लागतात. पोट चिरून बघितलं तर फरक डोळ्यांना दिसतो. उन्हाळ्यातल्या मादीच्या पोटात चरबी पांढरीशुभ्र दाटलेली आणि अंडाशय दोऱ्यासारखे. शरदातल्या मादीत चरबी उतरलेली आणि पोटभर अंडी.

गुहेतला_दिवा

यात गुहांची भर घालतो. भूमध्य समुद्राच्या भोवतीच्या प्रदेशात स्टेनोफायलॅक्स आणि मायक्रोप्टर्ना या वंशांच्या माश्या उन्हाळा गुहांत काढतात. यांच्या अळ्या उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्यांतल्या. गुहेत शिरल्यावर तोंडापासून थोडं आत, जिथे उजेड संपतो पण भिंत ओलसर असते, तिथे छताला पंख मिटून बसलेल्या दिसतात. टॉर्च मारली तरी हलत नाहीत. थंड, दमट, भक्षक कमी. शरदात बाहेर पडून ओढ्याकडे. पतंग समजून बरेच जण दुर्लक्ष करतात. ओळख सोपी आहे: पंख घराच्या उतरत्या छपरासारखे मिटलेले, लांब स्पृशा सरळ पुढे, आणि पतंगासारखी गुंडाळलेली सोंड नाही.

शंकेखोर

सगळं छान, पण जेलीचं काही पटत नाही. महिनोन्महिने उघड्या तळावर जेलीचा गोळा? दोन दिवसांत वाळून पापड होईल. आणि आतली अळी खाते काय?

पाणकणीस

शंकेखोर, वाळतो की. पण पूर्ण नाही.

मी असे गोळे उलटेपालटे करून बघितलेत, म्हणून सविस्तर लिहिते. ताजा गोळा ओल्या डिंकासारखा, पारदर्शक, बोटाला बुळबुळीत. आत अंड्यांचे फिकट ठिपके ओळीने दिसतात. काही दिवसांत बाहेरचा थर चिवट होतो, त्याला माती आणि पानांचा चुरा चिकटतो, गोळा आक्रसतो आणि मग शोधूनही सापडत नाही, कारण तो मातीच्या खड्यासारखाच दिसतो. भिंगाखाली धरला तर आत हालचाल दिसते: काळपट डोक्यांच्या इवल्या अळ्या, नळीशिवाय, एकमेकींना खेटून. पाण्याचा थेंब टाकला की गोळा फुगायला लागतो.

या गोळ्यांची रचना आणि ते पाणी कसं धरतात-सोडतात यावर बेर्टे आणि प्रिचर्ड यांचा १९८३ चा अभ्यास आहे. मुद्दा एवढाच की जेली आटताना बाहेरून आवळते आणि आतला ओलावा सुटायचा वेग मंदावतो. शिवाय मादी गोळा उन्हात ठेवत नाहीच. ओंडक्याच्या पोटाखाली, शेवाळाच्या गादीत, तळाच्या सगळ्यात खोलगट भागात, जिथे वरचं कोरडं झालं तरी खाली दमटपणा राहतो. जेली आणि जागा दोन्ही मिळून काम होतं. नुसती जेली उघड्यावर ठेवलीत तर तुमचा पापडच होईल.

खाण्याचं म्हणाल तर ती काही खात नाही. अंड्यातला बलक शिल्लक असतो, थंडीत चयापचय मंद असतो. थांबणं हेच तिचं काम.

शंकेखोर

ठीक, पण मग पुढचा प्रश्न. तळ भिजायला पूर्ण तळं भरावं लागत नाही. एक सर आली, गोळा भिजला, अळ्या बाहेर आल्या आणि चार दिवसांनी पुन्हा कोरडं. मग?

ओलकाठ

मग त्या मेल्या. हा धोका खराच आहे, आणि अवेळी सर येऊन पिढीचा मोठा वाटा जाऊ शकतो. पण तीन गोष्टी मदतीला येतात. नुसता ओलावा आणि पाण्याखाली बुडणं यात फरक आहे. पावसाने भिजलेला गोळा फुगतो पण अळ्या लगेच सुटत नाहीत, गोळा बुडून राहावा लागतो. दुसरं, सगळ्या माद्या एकाच पातळीवर अंडी घालत नाहीत. खोलगटातले गोळे पहिल्या पाण्यात बुडतात, काठाकडचे तळं नीट भरल्यावर. एकाच तळ्यात अळ्या टप्प्याटप्प्याने सुटतात आणि पहिली तुकडी वाया गेली तरी काठावरची शिल्लक असते. तिसरं, थंडीत सुटलेली अळी लगेच उपाशी मरत नाही, कारण तळात वर्षभराचा पाचोळा पडलेला असतो आणि कोरडेपणात तो हवेत अर्धवट कुजून मऊ झालेला असतो. पाणी आलं की बुरशी-जिवाणूंनी माखलेलं आयतं ताट.

गवताळ

मला वाटतं ही एकच चाल फार रंगवली जातेय. उलटी चालही आहे आणि ती जास्त धाडसाची आहे: अळीनेच तळं सोडून जमिनीवर यायचं!

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात प्लॅट नदीच्या पूरमैदानात गवताळ कुरणातल्या चरींमध्ये आयरोनोक्विया प्लॅटेन्सिस नावाची जात आहे. २००० साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं, म्हणजे तशी कालपरवाचीच ओळख. तिच्या जीवनचक्रावर १९९९ मध्ये व्हाइल्स आणि सहकाऱ्यांनी जो अभ्यास छापला त्यात तिला 'अर्धी जमिनीवरची' असंच म्हटलंय. हिचं वर्ष असं: शरदात अंडी, हिवाळाभर अळी पाण्यात पाला खात वाढते, वसंताच्या शेवटी शेवटच्या अवस्थेतली अळी नळी ओढत पाण्याबाहेर निघते. चर अजून आटलेलीसुद्धा नसते! काठ चढून गवतात शिरते, गवताच्या मुळांशी पालापाचोळ्यात किंवा मातीत घुसते आणि पूर्ण उन्हाळा तिथे निपचित. उन्हाळ्याच्या अखेरीस तिथेच कोष, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास माशी.

म्हणजे लिम्नेफिलस कोरडा काळ माशी आणि अंड्यातली अळी म्हणून काढते, ही मोठी अळी म्हणून. परिणाम बघा: लिम्नेफिलसची माशी महिनोन्महिने जगते, हिची माशी थोड्याच दिवसांची. हिला टिकायची गरजच नाही.

पाणकणीस

छान आठवण केलीत. याच वंशातली आयरोनोक्विया पंक्टॅटिसिमा उत्तर अमेरिकेतल्या जंगलातल्या हंगामी डबक्यांत हेच करते. वसंतात डबक्याच्या काठच्या पाल्यात नळ्या सापडतात, आणि लोक त्या पाण्याने वाहून आलेल्या रिकाम्या नळ्या समजून सोडून देतात. तोंड बघायचं: रेशमाच्या पडद्याने बंद असेल तर आत कुणीतरी आहे.

वाचनमात्र

यांचं कुणी वर्गीकरण केलंय का? 'कोण कोरडा काळ कसा काढतं' असं?

ओलकाठ

केलंय. विगिन्स, मॅके आणि स्मिथ यांचा १९८० चा शोधनिबंध या विषयात अजून सगळे धरून चालतात. विगिन्स हे टोरांटोच्या रॉयल ओंटारियो संग्रहालयातले कॅडिसमाश्यांचे मोठे अभ्यासक. त्यांनी वर्षाला एकदा आटणाऱ्या डबक्यांतले प्राणी चार गटांत बसवले. डबक्यातच राहून कोरडेपणा सोसणारे, ज्यांना स्वतःहून कुठे जाता येत नाही, गोगलगायी आणि परी-कोळंबीसारखे. वसंतात पाणी असतानाच अंडी घालून जाणारे. पाणी आटल्यावर कोरड्या तळावर अंडी घालणारे. यात लिम्नेफिलस आल्या, काही डास आले, काही टाचण्या आणि चतुर आले. आणि चौथे, दरवर्षी कायमच्या पाण्यातून उडत येऊन पुन्हा तिकडेच परतणारे पाणभुंगे-पाणढेकूण. गंमत तिसऱ्या गटाची. त्यांना अंडी घालायला पाणी लागतच नाही, म्हणून पाणी कधी येईल याच्याशी मादीचं देणंघेणं उरत नाही.

गटांच्या भिंती मात्र पक्क्या समजू नका. आयरोनोक्विया कुठे बसवायची यावर वाद घालता येईल.

जाळीवाला

सगळे नळीवाल्यांबद्दलच बोलताय. नळी न बांधणाऱ्याही आहेत हो. पॉलिसेंट्रोपस वंशातल्या अळ्या रेशमाचं जाळं विणून त्यात शिकार धरतात. त्यांच्यातली पॉलिसेंट्रोपस क्रॅसिकॉर्निस हंगामी डबक्यांत सापडते आणि तिच्या अंड्यांना फुगीर जेली नसते. तरीही ती अंडीच कोरडा काळ निभावतात. विगिन्सच्याच १९७३ च्या कामात हे आहे. त्यामुळे 'जेली म्हणजे सगळं' असं समीकरण नको.

आणि लिम्नेफिलिडी कुळ मुख्यतः उत्तर गोलार्धातलं. दक्षिणेकडच्या पाणथळींत लांब स्पृशांच्या लेप्टोसेरिडी कुळाचा भरणा जास्त. तिथे हा उन्हाळी मुक्कामाचा खेळ जसाच्या तसा शोधायला जाल तर निराश व्हाल.

भूचर

पाण्याशिवाय राहण्याचाच विषय आहे तर एनॉयसायला पुसिला विसरू नका. युरोपातल्या जंगलात या जातीची अळी आयुष्यभर जमिनीवर, ओलसर पाल्यात राहते. नळी वाळूकणांची आणि पाल्याच्या चुऱ्याची. मादीला पंखच नाहीत. तळ्याची कटकटच नको!

निशाचर

आणि दुसऱ्या टोकाला न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरची फिलानिसस प्लेबिअस. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खडकांतल्या कुंडात राहते. पाण्याचा चढउतार वर्षातून एकदा नाही, दिवसातून दोनदा. मादी अंडी घालते समुद्री ताऱ्याच्या शरीराच्या पोकळीत. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

संपादक_मंडळ

समुद्री ताऱ्यांसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. 🙂 (पण आधी इथे अजून दोन ओळी लिहा.)

डोंगरवाट

घाईबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. थांबणं हा अर्धा भाग; पाणी असताना पळणं हा दुसरा.

कोलोरॅडोतल्या रॉकी पर्वतात, साडेतीन हजार मीटरच्या आसपास, बर्फ वितळून भरणाऱ्या तळ्यांचा एक समूह आहे, मेक्सिकन कट नावाचा. स्कॉट विसिंजर आणि सहकाऱ्यांनी तिथे अनेक वर्षं कॅडिसमाश्यांवर काम केलं. शेजारी शेजारी तळी, काही दर उन्हाळ्यात आटणारी, काही कायमची. आटणाऱ्या तळ्यांत असिनार्कस निग्रिक्युलसचं राज्य. पालापाचोळा खाणाऱ्या कुळातली ही अळी, पण शाकाहारी समजाल तर फसाल. ती लिम्नेफिलस एक्स्टर्नस या दुसऱ्या जातीच्या अळ्यांवर हल्ला करते, आणि स्वतःच्या जातभाईंवरही. एकीने पकडलं की बाकीच्या गोळा होतात. भक्ष्याने नळीच्या तोंडाशी डोकं आत ओढून घेतलं तर मागच्या छिद्रातून पोखरतात.

कारण क्रौर्य नाही, हिशोब आहे. नुसत्या पाल्यात प्रथिनं कमी. मांस मिळालं की वाढ वेगाने होते आणि पाणी संपायच्या आत कोष गाठता येतो. २००४ च्या त्यांच्या कामात हे प्रयोग करून दाखवलंय: आहारात प्राण्यांची भर पडली की विकास लवकर पुरा होतो. तळं आकसतं तसं त्याच संख्येच्या अळ्या कमी जागेत येतात, गाठभेट वाढते आणि एकमेकींना खाणंही वाढतं. शेवटच्या दिवसांत ओंजळभर गढूळ पाण्यात शेकडो नळ्या एकमेकींवर चढलेल्या, अर्ध्या कोषात गेलेल्या, अर्ध्या अजून खातायत. ज्यांचं राहिलं त्या तिथेच वाळतात.

मग असिनार्कस कायमच्या तळ्यांत का नाही? कारण तिथे सॅलॅमँडर (सरड्यासारखे दिसणारे शेपटीवाले उभयचर) आहेत. ही अळी सतत उघड्यावर भटकते, अशी भटकी अळी सॅलॅमँडरला पहिली दिसते. लिम्नेफिलस एक्स्टर्नस गुमान असते, तिची नळी जाडजूड, आणि ती कायमच्या तळ्यात टिकते. आटणाऱ्या तळ्यात तिला असिनार्कस खाते, कायमच्या तळ्यात असिनार्कसला सॅलॅमँडर. कुठली माशी कुठल्या तळ्यात हे नुसत्या पाण्यावर ठरत नाही.

शेवाळ

एक व्यवहाराचा प्रश्न. अशी आटणारी तळी 'सुधारायची' म्हणून लोक उन्हाळ्यात तळ खोदून गाळ काढतात, खोली वाढवतात, म्हणजे पाणी बारमाही राहील. आजवर मला ही चांगलीच गोष्ट वाटायची. धागा वाचून शंका यायला लागली.

ओलकाठ

यायलाच हवी. शरदात किंवा त्यानंतर कोरड्या तळातला पाचोळा आणि वरचा गाळ उचलला तर पुढची अख्खी पिढी ट्रॉलीत भरून गेली. वर म्हटलंय तसे गोळे मातीच्या खड्यासारखे दिसतात, कुणाला कळतही नाही. ओंडके 'कचरा' म्हणून हलवले तर अंडी घालायची जागा गेली. आयरोनोक्वियासारखी जात असेल तर तळ सोडाच, काठाचं गवतसुद्धा महत्त्वाचं. तळाभोवती नांगरणी झाली की उन्हाळ्यात जमिनीत झोपलेल्या अळ्या संपल्या.

बारमाही केलंत तर पाणी वाढेल, पण मासे येतील किंवा कुणीतरी आणून सोडेल. पाण्यातले मोठे भक्षक वर्षभर मुक्कामाला राहतील. कॅडिसमाश्या तिथेही असतील, पण दुसऱ्या. आटणं हाच ज्यांचा भक्षकांपासूनचा बचाव होता त्या जातील.

जाळीवाला

थोडा विरोध. गाळ काढूच नये असं नाही. तळी भरत जातात, झुडपं माजतात आणि काही वर्षांनी तळंच उरत नाही. एका वेळी एक कोपरा घ्या, बाकी हात लावू नका, उतार सौम्य ठेवा म्हणजे वेगवेगळ्या पातळीचे काठ राहतील. आणि काढलेला पाचोळा दूर न नेता काठाजवळच पसरा. एकाच हंगामात सगळं तळं खरवडणं हा खरा गुन्हा.

शेवाळ

हे पटलं. दोघांनाही धन्यवाद.

डोंगरवाट

यात हवामानाचा पेचही आहे. माशीचे अंडाशय दिवसाच्या लांबीवर चालतात आणि ती बदलत नाही. पाणी मात्र बर्फ-पावसावर चालतं, ते सरकतंय. बर्फ लवकर वितळला तर तळं लवकर भरतं आणि लवकर आटतं. अळीला मिळणारे दिवस अलीकडे सरकतात, एकूण कमी होऊ शकतात. उलट शरदात पाऊस लवकर आला तर मादी अंडी घालायला येते तेव्हा तळ आधीच पाण्याखाली. मग काठावर, ओल्या पाल्यात, जमेल तिथे.

पाणकणीस

त्यावरही एक तोडगा निघालेला आहे. युरोपातली ग्लायफोटेलियस पेल्युसिडस अंडी पाण्यावर ओणवलेल्या झाडांच्या पानांवर घालते. खाली पाणी असो नसो. अळ्या जेलीत थांबतात, ओल्या हवेत जेली पातळ होते आणि अळ्या खाली टपकतात.

वाचनमात्र

शेवटचा प्रश्न, मग गप्प बसते. 😀 अळी घरी बाटलीत ठेवून बघायची आहे. नळीतून बाहेर काढून पुन्हा बांधायला लावतात असे व्हिडिओ पाहिलेत, रंगीत मणी वगैरे देऊन. तसं केलं तर चालेल?

पाणकणीस

करू नका, निदान शेवटच्या अवस्थेतल्या अळीशी तर नाहीच. रेशीम म्हणजे प्रथिन, आणि नळी पुन्हा बांधायला लागणारं प्रथिन अंगातूनच जातं. कोषात गेल्यावर खाणं नसतं, त्यामुळे ती तूट भरून निघत नाही.

स्टीव्हन्स, हॅन्सेल आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये नेमकं हेच तपासलं. दोन जाती घेतल्या, एक अल्पायुषी माशीची, ओडोंटोसेरम अल्बिकॉर्न, आणि दुसरी वर आलेली ग्लायफोटेलियस, जिची माशी दीर्घायुषी. दोघींनाही नळी पुन्हा बांधायला लावली आणि माशी झाल्यावर मोजमाप घेतलं. अल्पायुषी जातीने पोट राखलं आणि वक्षात काटकसर केली. तिला लगेच अंडी घालायची आहेत, फार उडायचं नाही. दीर्घायुषी जातीने उलट केलं, वक्ष म्हणजे उडायचे स्नायू राखले आणि पोटात कपात केली. तिच्यापुढे अख्खा उन्हाळा आहे, आणि अंड्यांची सोय नंतर खाऊन थोडीफार करता येते.

बघायचंच असेल तर उथळ पसरट भांडं घ्या, त्याच तळ्यातलं पाणी, कुजका पाला, एक काडी पाण्याबाहेर आलेली. ऊन नको. दोनपेक्षा जास्त अळ्या एकत्र ठेवू नका, कारण डोंगरवाट यांनी लिहिलंच आहे. नळीचं तोंड बंद झालं की पाणी हलवू नका आणि भांड्यावर जाळी बांधा. कोषातून सुटलेला कीटक पोहत वर येतो, काडीवर चढून कात टाकतो आणि बहुतेक वेळा हे रात्री होतं. सकाळी काडीवर कात दिसली तर माशी जाळीला आतून चिकटलेली असेल. तिला त्याच तळ्याच्या काठच्या झाडीत सोडा.